उंबराखालची माती

मार्च महिन्यातल्या एका सकाळी आमच्या बालवर्गातला साडेतीन वर्षांचा एक मुलगा पेव्हर ब्लॉकला अडखळून पडला. हनुवटी फुटली, दोन टाके घालावे लागले. ब्लॉक चांगला बोटभर वर उचलला गेला होता, कारण त्याच्याखालून उंबराचं मूळ निघालं होतं. दुसऱ्या दिवशी फरशीचं काम करणारे एक जण येऊन जागा बघून गेले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मुळं छाटायची, ब्लॉक काढून सगळीकडे कोबा करायचा आणि त्यावर रबरी फ्लोअरिंग टाकायचं. "पडलं तरी लागणार नाही पोराला," असं म्हणत त्यांनी खर्चाचा कागद माझ्या हातात दिला.

तो कागद घेऊन मी उंबराच्या पारावर बसले होते. मावशी झाडायला आल्या. त्या मूळच्या मुळशीकडच्या. वीस वर्षं पुण्यात राहूनही त्यांची बोली बदललेली नाही. उचललेल्या ब्लॉकवर पाय दाबून त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "झाडाला जागा पुरंना म्हणून वर आलंय त्ये. त्याचं काय चुकलं, ताई?"

आमचा बालवर्ग कोथरूडमधल्या एका जुन्या बंगल्यात भरतो. मागच्या बाजूला साधारण १,८०० चौरस फूट मोकळी जागा आहे. पुण्यात आता एवढी जागा असणं म्हणजे श्रीमंतीच. आजूबाजूचे बंगले एकेक करून पाडले गेले, तिथे इमारती आल्या आणि इमारतींभोवतीची सगळी जमीन गाड्यांसाठी फरसबंद झाली. आमच्या जागेतही ब्लॉक होते, एका कोपऱ्यात हिरवं कृत्रिम गवत होतं, प्लास्टिकची घसरगुंडी, दोन सीसॉ आणि एक झोपाळा. मध्ये हा उंबर. तो कुणी लावलेला नाही, आपणहून उगवलेला आहे. शेजारच्या काकू दर गुरुवारी त्याच्या बुंध्याशी उदबत्ती लावतात. दत्ताचं झाड म्हणूनच तो आजवर वाचला असावा.

त्या आठवड्यात मी एक केलं. खेळाच्या अर्ध्या तासात वही घेऊन पारावर बसले आणि मुलं काय करतात ते नुसतं लिहीत गेले. एकोणीस वर्षं मी हे काम करते आहे, पण त्या अर्ध्या तासात माझं लक्ष नेहमी कोण पडेल, कोण ढकलेल याकडेच असायचं. वहीत जे उतरलं ते वाचून मी हबकले. अठ्ठावीस मुलांपैकी एका वेळी नऊ-दहा खरोखर खेळत होती. बाकीची रांगेत होती. रांगेत ढकलाढकली, त्यातून रडारड, त्यातून आमचं ओरडणं. साडेदहानंतर घसरगुंडीचं प्लास्टिक तापायचं, कृत्रिम गवत तर त्याहून जास्त, मग मुलं भिंतीच्या सावलीला चिकटून उभी राहायची. आणि एक मुलगी, वर्गात महिनोन् महिने जेमतेम दहा शब्द बोललेली, दोन ब्लॉकांमधल्या फटीपाशी उकिडवी बसून सगळा वेळ मुंग्या बघत होती. अख्ख्या आवारात तेवढी अर्ध्या इंचाची फटच काय ती जिवंत होती, आणि ती तिनं शोधली होती.

माझं लहानपण नारायण पेठेतल्या वाड्यात गेलं. आमच्याकडे झोपाळा नव्हता, घसरगुंडी नव्हती. पण सहामाही परीक्षा संपली की दुसऱ्या दिवशी वाड्याच्या चौकात किल्ला सुरू व्हायचा. ज्यांनी दिवाळीचा किल्ला केला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. दगड-विटांचा ढीग रचायचा, त्यावर भिजवलेलं गोणपाट टाकायचं, वर चिखल थापायचा. तो थापताना कळायचं की पातळ चिखल खाली ओघळतो आणि घट्ट चिखलाला वाळल्यावर तडे जातात. मग कुणीतरी मोठं पोर त्यात भुसा कालवायला सांगायचं. बुरूज ढासळायचा, पुन्हा उभा राहायचा. भुयारात हात घालून पलीकडच्याच्या हाताला हात लागला की अंगावर काटा यायचा. तळं करायला परातीत पाणी ठेवायचं, नाहीतर ते जिरून जातं, हेही एकदा तळं आटल्याशिवाय कुणाला पटायचं नाही. वरून अळीव पेरायचे. दोन-तीन दिवसांत हिरवी लव उगवायची आणि सकाळी उठून तोंड धुवायच्या आधी आम्ही ती बघायला धावायचो. मावळे कुंभारवाड्यातून आणायचे. तोफेपाशी कोण आणि दरवाज्यात कोण यावरून भांडणं व्हायची आणि ती आमची आम्हीच मिटवायचो.

त्यात भूगोल होता, बांधकाम होतं, शेती होती, इतिहास होता, राजकारणही होतं. मोठी माणसं तिथे फक्त दोनदा यायची, एकदा जागा द्यायला आणि एकदा किल्ला बघायला. बालशिक्षणाची कितीतरी प्रशिक्षणं मी घेतली, पण पारावर बसून ती वही वाचताना मला आठवला तो चौक. आणि लक्षात आलं की आमच्या आवारातली एकही वस्तू मुलाच्या हातानं बदलत नाही. घसरगुंडी काल होती तशीच आज असते, उद्याही तशीच असणार. मूल तिच्यावरून घसरू शकतं, तिचं काही करू शकत नाही.

रबरी फ्लोअरिंगचा कागद मी परत केला.

हे काही मला पहिल्यांदा सुचलं असं मुळीच नाही. जर्मनीत फ्रोबेल या बालशिक्षणतज्ज्ञानं १८४० मध्ये आपल्या शाळेला किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिलं, तेव्हा त्यातली बाग खरोखरची बाग होती. प्रत्येक मुलाला स्वतःचा छोटा वाफा असायचा. आपण ते नाव घेतलं, वाफा तिकडेच राहिला. आणि तितक्या लांब जायचीही गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्राचं काम सुरू केलं. वस्तीवरची मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्या बालवाडीच मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या. ती अंगणवाडी. पुढे कोसबादला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा झाली. शिंपले, बिया, पानं, काटक्या ही त्यांची साधनं होती. १९७५ मध्ये सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. आज कितीतरी अंगणवाड्या एका खोलीत भरतात. शहरातल्या आम्हा महागड्या बालवर्गांची स्थिती तर आणखी वाईट आहे. आमच्याकडे अंगण होतं आणि ते आम्हीच बुजवलं होतं.

एप्रिलमध्ये पालकसभा घेतली. साप निघेल का, डास होतील का, रोज दोन जोड कपडे कोण धुणार, सर्दी-खोकल्याचं काय, हे प्रश्न मी धरून चालले होते आणि त्यांची उत्तरं तयार होती. एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मागच्या बाकावरून एक बाबा उठले. ते बीड जिल्ह्यातले, इथे एका कंपनीत इंजिनिअर. शांतपणे म्हणाले, "ताई, माझ्या हातात माती लागू नये म्हणून माझ्या वडिलांनी आयुष्यभर माती उपसली. मी इथवर आलो. आता मी फी भरून माझ्या मुलीचे हात परत मातीत घालायचे?"

सभा गप्प झाली. मी काहीतरी बोलले, ते मलाच पोकळ वाटलं. मातीत खेळणं आणि मातीत राबणं यांत किती अंतर आहे ते ज्याच्या घरात कुणी राबलेलं नाही त्याला सहज विसरता येतं. मी नारायण पेठेतली. माझ्यासाठी चिखल म्हणजे सुट्टी होती. त्या माणसासाठी चिखल म्हणजे पावसाची वाट बघणारे वडील होते. त्यांनी मुलीला काढून घेतलं नाही, पण संमतीच्या कागदावर सही करताना ते खूश नव्हते, आणि त्यांनी खूश असावं अशी माझीही अपेक्षा नव्हती.

मे महिन्यात सुट्टी लागली आणि काम सुरू झालं. पहिल्या दिवशी ब्लॉक निघाले. खाली चार बोटं कच, त्याखाली जुन्या बांधकामाचा राडारोडा, त्याखाली मुरूम. पहार मारली की ठिणगी उडावी इतका घट्ट मुरूम. एक गांडूळ नाही, एक किडा नाही. फक्त उंबराची मुळं तेवढी वाट काढत गेली होती, काही ठिकाणी माझ्या मनगटाएवढी जाड. ती आम्ही तोडली नाहीत. झाडाला उभं धरणारी मुळं छाटली तर एखाद्या वळवाच्या वादळात झाड आडवं होतं. पुण्यात दर पावसाळ्यात पडणाऱ्या झाडांपैकी कितीतरी झाडांच्या बुंध्यापर्यंत कोबा केलेला असतो. मुळांच्या आजूबाजूचा मुरूम आम्ही हातानं सैल केला आणि मुळं उघडीच ठेवली. आज मुलांची सर्वांत आवडती बसायची जागा तीच आहे.

मग माझ्या हातून एक मोठी चूक झाली. दोन ट्रक माती मागवली, स्वस्त मिळाली म्हणून. ती कुठल्या तरी पायाभरणीतली निघाली. पसरल्यावर उन्हात काहीतरी चमकलं, वाकून बघितलं तर काचेचा तुकडा. मग टाईल्सचे तुकडे, खिळे, तारा. वाळू चाळायच्या मोठ्या चाळणीतून आम्ही चार दिवस ती माती चाळत होतो आणि पाचव्या दिवशी सगळी परत पाठवली, कारण एक काच जरी राहिली तरी मी मुलांना अनवाणी सोडू शकले नसते. पैसे गेले. त्यानंतर मावशींच्या भावानं गावाकडून पोयटा आणून दिला, त्यात लाल माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळलं. कुणाला असं काम करायचं असेल तर एवढं नक्की सांगेन की मातीवर पैसे वाचवू नका. बाकी सगळं फुकट मिळवता येतं. बांबू, विटा, फळ्या, पडलेल्या फांद्यांचे ओंडके, जुनी घमेली, पातेली, पन्हळीचे तुकडे, सगळं आम्हाला मागून मिळालं.

जमिनीला उतार कसा द्यायचा हे मावशींनी ठरवलं. मी कागदावर आखलेलं सगळं सपाट होतं, कारण वर्गखोल्या सपाट असतात. त्या म्हणाल्या, "पानी कुठनं येतंय आन् कुठं जातंय त्ये आधी बघा." पुण्यात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमच्या १,८०० चौरस फुटांवर एवढा पाऊस म्हणजे एक लाख लिटरपेक्षा जास्त पाणी, आणि ब्लॉक होते तेव्हा त्यातलं बहुतेक गटारात जायचं. मावशींनी पन्हळीखालून एक नागमोडी चर काढायला लावली, ती उंबराच्या बुंध्यापासून लांब वळवली आणि शेवटी गोट्यांच्या खड्ड्यात सोडली. उरलेल्या मातीचा एक उंचवटा झाला, जेमतेम तीन फुटांचा. आमच्या मुलांची ती टेकडी.

झाडं निवडताना मी कृषी महाविद्यालयातल्या एका ओळखीच्या ताईंना बोलावलं. त्यांनी आधी काय लावायचं ते सांगितलंच नाही, काय काढायचं ते सांगितलं. कुंपणाला लागून पिवळी कण्हेर होती. तिच्या बिट्ट्यांनी आम्ही लहानपणी खेळलो आहोत, पण ती बी विषारी असते, आणि तीन वर्षांचं मूल जग तोंडानं तपासतं. ती गेली. पायऱ्यांवरच्या कुंड्यांतलं डिफेनबॅकिया, शोभेचं पण विषारी, तेही गेलं. कोपऱ्यातलं गाजर गवत गेलं. पुण्याच्या परिसरात १९५० च्या दशकात नोंदलं गेलेलं हे गवत पुढे देशभर पसरलं आणि त्याच्या स्पर्शानं कितीजणांच्या अंगाला खाज सुटते. मग लावलं ते असं: कढीपत्ता, लिंबू, पारिजातक, पेरू, हादगा, गवती चहा, ओवा, पानफुटी, पुदिना आणि कुंपणाबाहेरच्या बाजूनं दुधी-दोडक्याचे वेल. शेवगा लावायचा माझा फार आग्रह होता, पण त्याची फांदी पटकन मोडते आणि मुलं चढल्याशिवाय राहणार नाहीत. पेरूची फांदी चिवट असते.

आम्ही काही पाट्याही रंगवल्या होत्या. विज्ञान कोपरा, कला कोपरा, नाद कोपरा. जूनमध्ये मुलं आली आणि सगळी नळाखाली जमली, जिथे एकही पाटी नव्हती. दोन आठवड्यांनी आम्ही पाट्या काढल्या. त्यातली एक फळी मुलांनी चरीवर पूल म्हणून आडवी टाकली आहे. कुठे काय शिकायचं ते आपण आधी ठरवतो आणि मुलांना तिथे नेऊन उभं करतो, ही सवय माझ्यात किती मुरली आहे ते मला त्या पाट्या काढताना समजलं.

पहिला मोठा पाऊस जूनच्या शेवटच्या आठवड्यात आला. पूर्वी पाऊस आला की आम्ही मुलांना आत घ्यायचो आणि पावसाचं चित्र रंगवायला द्यायचो. या वेळी रेनकोट, टोप्या घालून बाहेर गेलो. बहुतेकांनी चरीकडे धाव घेतली. चार-पाच जण पायरीवरच थांबले. त्यातल्या एकानं माझं बोट घट्ट धरलं आणि म्हणाला, "ताई, खाली मड आहे." त्याला कधीच चिखलात पाऊल टाकू दिलेलं नव्हतं, यात त्याचा काय दोष. मी त्याला ओढलं नाही. तो पायरीवर उभा राहून तीन दिवस बघत होता. चौथ्या दिवशी त्यानं एक पाय टाकला, बोटांच्या फटीतून चिखल वर आला, आणि तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू त्याच्या पायाला नवीनच काहीतरी फुटलंय. म्हणाला, "ताई, हे आत येतंय."

मड हा एकच शब्द घेऊन आलेल्या मुलांना पावसाळाभरात किती शब्द लागले ते मी लिहून ठेवलं. पाणी साचून झाली ती राड. पावलं रुतली तो चिखल. चरीच्या तळाशी बसला तो गाळ. हातानं कालवून केला तो लगदा. माती कधी चिकट, कधी रवाळ, कधी भुसभुशीत, ओंडका निसरडा, पेरूची साल गुळगुळीत, गवती चहाची पात धारदार. चरीला बांध घालायचा, बांध फुटतो, पाणी तुंबतं, मग झिरपतं. हे शब्द आम्ही शिकवले नाहीत. मुलांच्या हातात वस्तू होती आणि मावशींच्या तोंडी शब्द होता, दोघांची गाठ पडली. पूर्वी वर्गात आम्ही चित्रांचे तक्ते दाखवून 'हे काय आहे?' असं विचारायचो, त्याचं उत्तर एका शब्दात संपायचं. मराठी मुलांची मराठी आटत चालली असं आपण म्हणतो तेव्हा दोष शाळेच्या माध्यमाला देतो. मला आता असं वाटतं की ज्या गोष्टींसाठी ते शब्द होते त्या गोष्टीच आपण मुलांच्या आयुष्यातून काढून घेतल्या. झिरपणं हा शब्द पेव्हर ब्लॉकवर कसा शिकवणार?

ती मुंग्या बघणारी मुलगी जुलैमध्ये बोलायला लागली. तिला कढीपत्त्यावर पक्ष्याची वाळलेली शीट दिसली आणि ती शीट हलली. तिनं माझा पदर ओढून मला नेलं. ते लिंबावर, कढीपत्त्यावर अंडी घालणाऱ्या फुलपाखराचं सुरवंट होतं. लहानपणी ते पक्ष्याच्या विष्ठेसारखं दिसतं, त्यामुळे पक्षी त्याला टाळतात. पुढे कात टाकून ते हिरवंगार होतं आणि काडीनं डिवचलं की डोक्यामागून लालसर दुहेरी शिंग बाहेर काढून घाण वास सोडतं. तिनं एकदाच डिवचलं, वास घेतला आणि मग दुसऱ्या कुणालाही डिवचू दिलं नाही. "तिला राग येतो," एवढं वाक्य ती दिवसातून वीस वेळा बोलायची. मावशी पोह्यांसाठी कढीपत्ता तोडायला आल्या तर ही झाडापुढे उभी. शेवटी मावशींनी खालच्या दोन फांद्या सुरवंटांना सोडून दिल्या. सहापैकी चार सुरवंट एके दिवशी नाहीसे झाले, आणि कोतवाल पक्षी कुंपणावर बसलेला होता. ती रडली. मी तिला समजावलं नाही, जवळ घेऊन बसले. उरलेल्या दोघांचे कोष झाले, आणि त्यातल्या एका फुलपाखराला पंख वाळवताना सगळ्या वर्गानं श्वास रोखून पाहिलं.

उंबराचं तर काय सांगू. पूर्वी त्याची फळं ब्लॉकवर पडून चिकट रेंदा व्हायचा, माशा घोंगावायच्या, आणि आम्ही रोज वैतागून तो धुवायचो. आता ती मातीत पडतात आणि मातीच होतात. खोडालाच घोसानं लागलेली ती लालसर फळं वेचून मुलं दगडानं फोडतात. एकदा एकानं आत बघून ओरडून सांगितलं, "यात किडे आहेत आणि केस आहेत!" ते केस म्हणजे फुलं. उंबराचं फूल म्हणजे कधीच न दिसणारी गोष्ट, असं आपण म्हणतो. खूप दिवसांनी येणाऱ्याला 'उंबराचं फूल झालास की रे' म्हणून टोमणा मारतो. आणि ती शेकडो फुलं त्या फळाच्या पोटातच असतात. एक इवलीशी गांधीलमाशी टोकाच्या भोकातून आत शिरते, अंडी घालते, जाता जाता परागीकरण करते आणि तिथेच मरते. तिची पिल्लं पुढे दुसऱ्या झाडाकडे पराग नेतात. बहिर्गोल भिंग मुलांच्या हातात होतं आणि ती मला ते फूल दाखवत होती. माझ्या वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी उंबराचं फूल पहिल्यांदा पाहिलं.

सगळं असं गोडगोड झालं नाही. ऑगस्टमध्ये सलग पाऊस लागला आणि टेकडीचा निम्मा भाग चरीत वाहून आला. पेरलेलं गवत मुलांच्या पायांखाली टिकलं नाही. पालापाचोळ्याच्या खड्ड्यात ओलं-सुकं प्रमाण चुकलं आणि आठवडाभर दुर्गंध सुटला, शेजाऱ्यांकडे जाऊन मी माफी मागितली. आमच्या दोन ताई दमून गेल्या होत्या. अठ्ठावीस मुलांचे पाय धुवायचे, कपडे बदलायचे, म्हणजे पाऊण तास. मग आम्ही गट केले, एका वेळी चौदाच मुलं बाहेर, आणि कपडे बदलणं हाच एक पाठ मानला. बटण लावणं, उलटी बाही सुलटी करणं, ओला कपडा पिळणं. दिवाळीपर्यंत बहुतेक मुलं हे स्वतः करू लागली. डेंग्यूची भीती मी कधीच हलकी मानली नाही. तो डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून आमच्याकडे घरी जाण्यापूर्वी सगळी घमेली, पातेली, करवंट्या पालथ्या घालायच्या हा रोजचा नियम आहे. तो मुलंच पाळतात आणि एकमेकांना पाळायला लावतात. वाळूचा हौद रात्री ताडपत्रीनं झाकतो, मांजरांसाठी. चिंचोके, सागरगोटे फक्त मोठ्या गटाला, तेही मोजून द्यायचे आणि मोजून घ्यायचे, कारण बी नाकात जायला वेळ लागत नाही.

सर्दी-खोकल्याबद्दल विचारणाऱ्या पालकांना मी फिनलंडमधल्या एका अभ्यासाबद्दल सांगते. तिथे पाळणाघरांच्या खडीच्या आवारात जंगलातली जमीन उचलून आणून अंथरली, आणि ३ ते ५ वर्षांची मुलं २८ दिवस तिथे खेळली. त्यांच्या त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तात प्रतिकारशक्तीचं नियमन चांगलं होत असल्याच्या खुणा दिसल्या. २०२० मध्ये तो प्रसिद्ध झाला. पण मुलं होती ७५च, आणि फिनलंडचं जंगल म्हणजे कोथरूड नव्हे, हेही मी लगेच सांगते. मातीचं औषध करून विकायचं नाही मला.

मला बदलावं लागलं ते वेगळ्याच बाबतीत. पेरूवर चढणाऱ्या मुलाला पाहून माझ्या तोंडून पहिला शब्द निघायचा तो "थांब!" आणि तो ऐकून मूल दचकायचं, हात सैल व्हायचा. मावशी तिथे जाऊन खाली उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "आता पाय कुठं ठिवशील?" मूल पायाखाली बघायचं, फांदी शोधायचं. मी हे त्यांच्याकडून शिकले, आणि आजही कधीकधी माझ्या तोंडून आधी "थांब"च निघतं. त्या वर्षी खरचटणं, मुंगळा चावणं असलं पुष्कळ झालं. टाके मात्र कुणाला पडले नाहीत.

ऑक्टोबरमध्ये एकदा ते बीडचे बाबा मुलीला न्यायला लवकर आले. ती आणखी दोघींबरोबर चरीतलं पाणी मेथीच्या वाफ्याकडे वळवायच्या खटपटीत होती. बांध सारखा फुटत होता. ते बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "असं नाही वळत पाणी. आधी पुढची वाट मोकळी कर, मग मागं आडव." त्यांनी बुटाच्या टाचेनं एक रेघ ओढली, नेमकी उतारावर. पाणी त्या रेघेत शिरलं आणि वाफ्यात गेलं. मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. तिनं विचारलं, "बाबा, तुम्हाला कसं येतं?" ते काही बोलले नाहीत. नळाखाली बूट नीट धुतले, रुमालानं पुसले आणि तिचा हात धरून निघून गेले. एप्रिलच्या त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला अजूनही सापडलेलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधी आम्ही किल्ला केला. उंबराच्या दोन मोठ्या मुळांमध्ये, कारण तिथे आयत्या तटबंद्या होत्या. मी गोणपाट भिजवून दिलं आणि पारावर जाऊन बसले. भुयार कुठे असावं यावरून मोठी वादावादी झाली. हनुवटीवर टाक्यांची खूण असलेला मुलगा मुळावर पालथा पडून आत हात घालत होता. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी चिमूट चिमूट अळीव पेरले.

सुट्टी संपवून मुलं आली तोवर अळीव वाढून, पिवळे पडून आडवे झाले होते. मध्ये एक अवकाळी सर येऊन गेली होती, तिनं एक बुरूज विरघळवला होता, आणि मधल्या सपाटीवर मांजर झोपलं होतं. मुलं गोल करून उभी राहिली. मला वाटलं, आता कुणीतरी रडेल. ती मुंग्या बघणारी मुलगी वाकली, बुरुजाच्या जागी उरलेल्या मातीत तिनं बोट खुपसलं आणि म्हणाली, "अजून ओली आहे आतून." मग दोघं घमेलं आणायला धावली, आणि मावशींनी नळ सोडला.